पीएमपी जुलैच्या आधी द्यावी की चवथीनंतर? वेर्ण्याला प्लांटवर आहे, जाणकारांनी सांगा

फोंडा_प्रोजेक्ट्स

नमस्कार मंडळी. पीएमपी म्हणजे पीएमआय (प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूट) घेते ती प्रोजेक्ट मॅनेजरची परीक्षा द्यायचीय. मी फोंड्याचा, फर्मागुडीला मेकॅनिकल केलं आणि आता बरीच वर्षं वेर्णा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये एका फार्मा प्लांटच्या प्रोजेक्ट्स डिपार्टमेंटला आहे. क्लीनरूम, एचव्हीएसी (वातानुकूलन), चिलर, पाण्याची लाईन असली कामं असतात, कधी नवीन ब्लॉक उभा राहतो तर कधी चालू ब्लॉकमध्येच फेरफार. व्हेंडर ठरवण्यापासून ते क्यूएकडे (क्वालिटी विभागाकडे) हँडओव्हर देईपर्यंत सगळं मीच बघतो पण व्हिजिटिंग कार्डावर सीनियर इंजिनियर लिहिलंय, प्रोजेक्ट मॅनेजर नाही. तर पहिला प्रश्न हाच की पीएमआय हा अनुभव धरेल का?

दुसरं म्हणजे ३५ तासांचा ऑनलाइन कोर्स पूर्ण झालाय, सर्टिफिकेट हातात आहे, पण मॉक टेस्ट सोडवायला बसलो की गाडी अडते. एवढी कामं केली तरी सिच्युएशनवाल्या प्रश्नांत मला जे उत्तर बरोबर वाटतं ते बरेचदा चुकीचं निघतं आणि त्याचं स्पष्टीकरण वाचलं तरी पटत नाही. आमच्याकडे असं करत बसलो तर काम दुपारपर्यंत बंद पडेल असंच डोक्यात येतं. शिवाय अ‍ॅजाइल, स्क्रम (काम छोट्या टप्प्यांत, वाटेत बदल घेत करायच्या पद्धती) वगैरे प्लांटवर मी कधी बघितलेलं नाही आणि परीक्षेत निम्मं तेच असतं म्हणतात.

तिसरं, जुलै २०२६ पासून परीक्षेचा पॅटर्न बदलतोय. मे महिन्यात आमचं शटडाऊन, म्हणजे तेव्हा घरी फक्त झोपायला जायचं. जूनमध्ये द्यायची तर तयारी होईल का कळत नाही, आणि जून सोडला तर मग श्रावण, चवथ, घरी पाहुणे, माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) सामान, सप्टेंबर अर्धा तिथेच गेला. अभ्यास मी सकाळी कंपनीच्या बसमध्ये करतो, फोंडा ते वेर्णा, आणि रात्री मुलगी झोपल्यावर. घरून ऑनलाइन द्यावी की सेंटरवर जावं तेही सांगा. ज्यांनी अलीकडे दिली असेल त्यांनी प्लीज सविस्तर लिहा.

—

डिचोली_सिव्हिल

भाऊ, अनुभवाची काळजी सोड. पीएमआय पदाचं नाव बघत नाही, तू प्रोजेक्ट चालवलास का एवढंच बघते. तुझी डिग्री चार वर्षांची, म्हणजे गेल्या ८ वर्षांतला ३६ महिन्यांचा प्रोजेक्ट चालवल्याचा अनुभव पाहिजे आणि ३५ तासांचं ट्रेनिंग, ते तुझं झालंच आहे. मी डिप्लोमावाला, मला ६० महिने दाखवायचे होते, तरी बसलं. एक लक्षात ठेव, एकाच वेळी दोन कामं चालू असली तर ते महिने दोनदा धरत नाहीत, कॅलेंडरचा महिना एकदाच मोजतात. तेव्हा आधी एका कागदावर वर्षाप्रमाणे आडव्या रेघा मारून कुठलं काम कधी सुरू झालं कधी संपलं ते मांड, मग फॉर्म उघड.

फॉर्म भरताना आपली माणसं हमखास चुकतात ती इथे. आपण लिहितो चिलर बसवला, डक्टिंग केलं, अमुक टनाचा एएचयू (हवा खेळवणारं युनिट) टाकला. हे झालं इंजिनियरचं काम. तिथे लिहायचं असतं प्रोजेक्टचं उद्दिष्ट काय होतं, तुझी भूमिका काय, स्कोप कोणाबरोबर बसून ठरवलास, शेड्यूल आणि बजेट कसं बांधलंस, रिस्क काय काढलेस, बदल आले ते कसे हाताळलेस, हँडओव्हर कसा झाला आणि शेवटी निकाल काय. तू हे सगळं करतोसच फक्त त्याला ती नावं देत नाहीस. पावसाच्या आधी टेरेसवरची पाइपलाइन उरकायची म्हणून मार्चमध्येच जादा फिटर लावतोस ना, तो रिस्क रिस्पॉन्सच झाला. गोव्यात जूनला पाऊस लागणार हे शेंबड्या पोराला माहीत असतं म्हणून आपण ते रिस्क म्हणून लिहीतच नाही, पण लिहायला पाहिजे.

खोटं मात्र काहीही लिहू नको, एक महिनासुद्धा वाढवू नको. फी भरल्यावर ऑडिट (फॉर्ममधल्या माहितीची पडताळणी) लागू शकतं, कोणालाही लागतं, त्यात संशय असतो असं नाही, निवड रँडम असते. लागलं तर डिग्रीची कॉपी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि प्रत्येक प्रोजेक्टसाठी तू ज्याचं नाव दिलंस त्याची सही किंवा दुजोरा द्यावा लागतो, ९० दिवस मिळतात. म्हणून फॉर्म पाठवायच्या आधीच जुन्या साहेबांना फोन कर. माझे एक साहेब तोवर रिटायर होऊन पेडण्याला गावी राहत होते, मेल बघायची सवय नाही, त्यांच्या घरी जाऊन बसलो, काय लिहिलंय ते वाचून दाखवलं, ते म्हणाले अरे हे तर आपण तेव्हा केलंच होतं. ऑडिट लागलं नाही पण मन शांत राहिलं.

मंजुरी आली की एक वर्ष मिळतं आणि त्या वर्षात तीनदा बसता येतं. मेंबरशिप घ्यायची की नाही हे फीचा हिशोब बघून ठरव, मेंबरला परीक्षेची फी कमी पडते आणि पीएमबॉकची (पीएमआयच्या मार्गदर्शक पुस्तकाची) पीडीएफ फुकट मिळते.

—

मांडवीकाठ

मी पाट्टोला आयटीत आहे, मागच्या वर्षी पास झाले. दादा, तुम्ही लिहिलंय की स्पष्टीकरण वाचूनही पटत नाही, तर सगळं घोडं तिथेच पेंड खातंय, म्हणून त्याबद्दलच लिहिते, बाकी फॉर्मचं वर नीट आलंय.

ही परीक्षा तुम्ही तुमच्या प्लांटवर काय कराल ते विचारत नाही. पीएमआयच्या मते चांगला पीएम (प्रोजेक्ट मॅनेजर) कुठल्या क्रमाने विचार करतो ते विचारते. दोन्हीत फरक एवढाच की साईटवर आपण परिस्थिती, माणसं, वेळ सगळं आधीच ओळखून असतो त्यामुळे आपण विचार केला हे आपल्यालाही कळत नाही आणि हात थेट फोनकडे जातो. परीक्षेतल्या पीएमला फक्त त्या चार ओळी माहीत असतात. त्यामुळे त्याने आधी समजून घ्यायचं, परिणाम तपासायचा, टीमशी बोलायचं, आणि मग कृती. बहुतेक प्रश्नांत शेवटी 'आधी काय करावं' किंवा 'यानंतर काय करावं' असं असतं, तो शब्द सुटला की चारही पर्याय बरोबर दिसायला लागतात. आणि खरंच तीन पर्याय कधी ना कधी करण्यासारखे असतातच, फक्त आत्ता नाही.

तुम्हाला अडलेला एखादा प्रश्न इथे टाका ना, त्यावर बोलू. फक्त मॉकमधला टाका. टेलिग्रामवर 'खऱ्या परीक्षेतले प्रश्न' म्हणून विकतात ते घेऊ नका आणि इथे तर अजिबात आणू नका, परीक्षेला बसताना प्रश्न बाहेर न सांगण्याचं आपण मान्य केलेलं असतं. पीएमआयच्या आचारसंहितेत जबाबदारी, आदर, न्याय्य वागणूक आणि प्रामाणिकपणा ही चार मूल्यं आहेत, ती पाळणार म्हणून आपण कबूल होतो, मग सुरुवातच चोरीने कशाला.

आता पॅटर्न. २०२१ पासून चालू आहे त्यात १८० प्रश्न, २३० मिनिटं. त्यातले ५ प्रश्न मार्कांत धरत नाहीत पण कुठले ते कळत नाही. विषयांची वाटणी अशी, पीपल (माणसं सांभाळणं) ४२ टक्के, प्रोसेस (कामाची पद्धत) ५० आणि बिझनेस एन्व्हायर्नमेंट (कंपनी आणि बाहेरची परिस्थिती) ८. ६० प्रश्न झाले की दहा मिनिटांचा ब्रेक, १२० झाले की दुसरा. ब्रेक घेतला की मागच्या प्रश्नांकडे परत जाता येत नाही, तेव्हा त्या साठातले मार्क करून ठेवलेले आधी बघून घ्यायचे. एका प्रश्नाला साधारण सव्वा मिनिट पडतं, म्हणजे साठ प्रश्नांना ७६ मिनिटं. मी घड्याळ फक्त ब्रेकच्या आधी बघायचे, दर प्रश्नाला बघितलं तर जीव घाबरा होतो.

जुलैपासून येणाऱ्या नवीन आऊटलाइनमध्ये (परीक्षेच्या अभ्यासक्रमात) बिझनेस एन्व्हायर्नमेंट ८ वरून २६ टक्क्यांवर जातंय, पीपल ३३ आणि प्रोसेस ४१. हा लहान बदल नाही. तुम्ही कोर्स जुन्या आऊटलाइनवर केला असणार, तर माझं स्पष्ट मत की जूनमध्ये द्या. चवथीनंतर द्यायची तर मटेरियल पुन्हा बघावं लागेल, मॉकसुद्धा नवीन पॅटर्नचे घ्यावे लागतील. जमणारच नसेल तर ओढूनताणून जून धरू नका, पण तुम्ही ३५ तास पूर्ण केलेत म्हणजे अर्ध्या वाटेवर तर आहातच.

—

फोंडा_प्रोजेक्ट्स

ताई, दादा, देव बरें करूं. हा घ्या प्रश्न, मॉकमधल्यासारखाच पण नावं बदलून आमच्या कामाच्या भाषेत लिहितो.

क्लीनरूमच्या पॅनेलचा सप्लायर कळवतो की माल दोन आठवडे उशिरा येईल. पीएमने आधी काय करावं? अ) स्पॉन्सरला (प्रोजेक्टला पैसा आणि पाठबळ देणाऱ्या वरिष्ठाला) कळवावं. ब) दुसऱ्या सप्लायरकडे चौकशी करावी. क) उशिराचा शेड्यूलवर काय परिणाम होतो ते तपासावं. ड) चेंज रिक्वेस्ट (बदलाची रीतसर मागणी) टाकावी.

मी ब म्हटलं. उत्तर क दिलंय. आता सांगा, आमच्याकडे पॅनेल लेट झाले असं कळलं की पहिला फोन दुसऱ्या व्हेंडरलाच जातो, परिणाम काय होणार हे सांगायला शेड्यूल उघडायला लागत नाही.

—

मांडवीकाठ

शेड्यूल उघडायला लागत नाही कारण ते तुमच्या डोक्यात आहे. फोन उचलायच्या आधी तुम्हाला माहीत असतं की पॅनेलनंतर लगेच एपॉक्सी फ्लोअरिंग आहे आणि फ्लोअरिंगवाला पुढच्या आठवड्यात येतोय. म्हणजे क तुम्ही केलंत, अर्ध्या सेकंदात केलंत. प्रश्नातल्या पीएमने ते अजून केलेलं नाही. समजा पॅनेलच्या कामाला तीन आठवड्यांचा फ्लोट आहे, म्हणजे तेवढा उशीर पचतो आणि ते क्रिटिकल पाथवर (ज्या कामांवर शेवटची तारीख ठरते त्या साखळीत) नाही, तर दोन आठवड्यांच्या उशिराने शेवटची तारीख हलतच नाही. मग दुसरा व्हेंडर कशाला, चेंज रिक्वेस्ट कशाला, आणि स्पॉन्सरला नुसतंच घाबरवून काय मिळणार? तपासल्यावर तारीख हलतेय असं दिसलं तर मग पर्याय काढायचे, त्यात बेसलाइन (मंजूर झालेला मूळ प्लॅन) बदलावी लागली तर ड, आणि स्पॉन्सरकडे जायचं ते पर्याय हातात घेऊन.

आता याच प्रश्नात एक वाक्य घाला. 'सप्लायरकडून उशीर होण्याची शक्यता रिस्क रजिस्टरमध्ये नोंदवलेली होती.' उत्तर बदललं. आता तिथे जो रिस्पॉन्स ठरवून ठेवलाय तो अमलात आणायचा, आणि तो 'दुसऱ्या मंजूर सप्लायरकडून घेणे' असाच असेल तर तुमचं ब बरोबर ठरेल. एका वाक्याने एवढं फिरतं म्हणून प्रश्न शेवटच्या ओळीपासून वाचा, मग वर जा, मग पर्याय.

अभ्यासाची माझी पद्धत सांगते. मॉक दिल्यावर मार्क बघून खूश किंवा नाराज होऊन वही मिटायची नाही. चुकलेला प्रत्येक प्रश्न घेऊन का चुकला ते एका ओळीत लिहायचं. विषयच माहीत नव्हता, की प्रश्न नीट वाचला नाही, की साईटची सवय मध्ये आली. थोड्याच दिवसांत दिसायला लागतं की कुठला ढीग वाढतोय. तुमचा तिसरा वाढेल असं वाटतं. आणि बरोबर आलेलेही बघायचे, अंदाजाने बरोबर आलेला प्रश्न माझ्या मते चुकलेलाच.

अ‍ॅजाइलबद्दल घाबरू नका. तुमचा एक फायदा आहे जो आम्हा आयटीवाल्यांना नसतो. फार्मामध्ये चेंज कंट्रोल रक्तात असतो, क्यूएची सही नसेल तर एक डक्ट इकडचा तिकडे होत नाही. प्रेडिक्टिव्ह (सगळं आधी ठरवून चालणाऱ्या) प्रोजेक्टचे बदलाचे प्रश्न तुम्हाला सोपे जातील, आधी परिणाम तपासायचा, चेंज रिक्वेस्ट, चेंज कंट्रोल बोर्ड, मंजुरी आली की प्लॅन अपडेट आणि मग काम. अ‍ॅजाइलमध्ये हीच सवय आड येते. तिथे स्टेकहोल्डरने नवीन काही मागितलं तर बोर्ड वगैरे नाही, ते प्रॉडक्ट ओनरकडे (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याकडे) जातं, तो बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) टाकतो आणि प्राधान्य ठरवतो. चालू स्प्रिंटमध्ये (कामाच्या ठरलेल्या छोट्या टप्प्यात) कोणी परस्पर काम घुसवायचं नाही. त्यामुळे प्रश्न वाचताना पहिल्यांदा बघायचं हे काम प्रेडिक्टिव्ह आहे, अ‍ॅजाइल आहे की हायब्रिड, म्हणजे दोन्ही मिळून. स्प्रिंट, बॅकलॉग, इटरेशन असा शब्द दिसला की डोक्यातला चेंज कंट्रोलचा फॉर्म बाजूला ठेवायचा.

डेली स्टँडअप म्हणजे तुमची सकाळची कॉन्ट्रॅक्टर मीटिंग नव्हे. तिथे पीएमला रिपोर्ट देत नाहीत, टीम एकमेकांशी बोलून दिवसाचं काम लावून घेते आणि पीएमचं काम त्यांच्या वाटेतले अडथळे काढायचं. याला सर्व्हंट लीडरशिप म्हणतात आणि पीपलचे किती तरी प्रश्न याच्याभोवती फिरतात. दोघांचं भांडण असेल तर आधी त्यांना बसवून बोलायला लावायचं. कोणाचं काम कमी पडत असेल तर चारचौघांत नाही, एकट्याला बाजूला घेऊन कारण विचारायचं. एचआरकडे पाठवणे, टीममधून काढणे, वरच्याकडे तक्रार हे पर्याय सुरुवातीलाच बरोबर असणं फार क्वचित.

कानबान मात्र तुम्हाला प्लांटवरच दिसेल. तुमची व्हॅलिडेशनची डॉक्युमेंट्स क्यूएच्या टेबलावर ढीग लागून पडतात ना? सगळे प्रोटोकॉल एकदम रिव्ह्यूला पाठवले की एकही वेळेवर सुटत नाही. एका वेळी रिव्ह्यूला किती ठेवायचे याची मर्यादा घातली, आधीचं सुटल्याशिवाय नवीन पाठवायचं नाही असं ठरवलं, तर तीच वर्क इन प्रोग्रेस लिमिट. आमच्याकडे टेस्टिंगला हेच होतं.

—

कुंकळ्ळी_शिपयार्ड

ताईंनी एवढं लिहिल्यावर मी फक्त गणिताचं लिहितो कारण मेकॅनिकलवाले विनाकारण सगळे फॉर्म्युले पाठ करत बसतात. परीक्षेत गणितं थोडीच येतात आणि स्क्रीनवर कॅल्क्युलेटर असतो. आकड्याचा अर्थ काय हेच जास्त विचारतात.

उदाहरण घे. काम ४० लाखाचं, १० महिन्यांचं, दर महिन्याला सारखंच काम धरलंय. पाच महिने झाले म्हणजे ठरल्याप्रमाणे २० लाखाचं काम व्हायला हवं होतं, ही प्लॅन्ड व्हॅल्यू. प्रत्यक्षात काम झालंय ४० टक्के म्हणजे १६ लाखाचं, ही अर्न्ड व्हॅल्यू. बिलं फाडली २० लाखाची, ती अ‍ॅक्च्युअल कॉस्ट. झालेलं काम भागिले खर्च, १६ भागिले २० म्हणजे सीपीआय (खर्चाचा निर्देशांक) ०.८, आणि झालेलं काम भागिले ठरलेलं काम म्हणजे एसपीआय (वेळेचा निर्देशांक), तोसुद्धा योगायोगाने ०.८. एकच्या खाली म्हणजे खर्चातही मागे आणि वेळेतही मागे. असंच चालत राहिलं तर ४० भागिले ०.८, एकूण खर्च ५० लाखावर जाणार. आता गोम बघ, २० लाख ठरले होते आणि २० लाखच गेले म्हणून अकाउंट्सवाला म्हणणार बजेट बरोबर चाललंय. नाही चाललेलं. ही गोष्ट एकदा स्वतःच्या एखाद्या कामाचे आकडे घालून केलीस की आयुष्यभर विसरणार नाहीस.

बाकी कम्युनिकेशन चॅनेलचा (माणसांच्या किती जोड्या आपसांत बोलू शकतात त्याचा) फॉर्म्युला, माणसं गुणिले त्याहून एक कमी भागिले दोन, आणि पर्टचा (कामाला किती वेळ लागेल त्याच्या अंदाजाचा), ऑप्टिमिस्टिक अधिक चार पट मोस्ट लाइकली अधिक पेसिमिस्टिक, या सगळ्या बेरजेला भागिले सहा, एवढं येत असलं की पुरे. पीएमबॉकच्या सहाव्या आवृत्तीतल्या ४९ प्रोसेस इनपुट आउटपुटसकट घोकणारे मी बघितलेत, तसं करू नको, कुठली प्रोसेस कशासाठी आणि कशाच्या आधी येते ते समजलं की झालं.

—

म्हापसा_नेटवर्क

ऑनलाइन की सेंटर याचं सांगतो. जूनमध्ये देणार असशील तर माझं मत सेंटर. फोंड्याला पाऊस लागला की लाईट कधी जाईल याचा नेम नाही आणि लाईटपेक्षा जास्त त्रास इंटरनेटचा. इन्व्हर्टर सगळ्यांकडे असतो पण तो घरातल्या पंख्यांना जोडलेला, राउटर आणि भिंतीवरचा फायबरचा डबा त्यावर आहे का ते कोणी बघत नाही. आणि तुझ्या घरी दोन्ही चालू राहिलं तरी बाहेर फांदी पडून केबल तुटली तर तू काय करणार?

तरी घरूनच द्यायची असेल तर पियर्सन व्ह्यूची (परीक्षा घेणाऱ्या कंपनीची) सिस्टिम टेस्ट ज्या खोलीत, ज्या लॅपटॉपवर, ज्या नेटवर परीक्षा देणार तिथेच आणि त्याच वेळेला कर. कंपनीचा लॅपटॉप वापरू नको, त्यातलं सिक्युरिटी सॉफ्टवेअर परीक्षेचं अ‍ॅप अडवतं. टेबल मोकळं, दुसरा मॉनिटर नाही, खोलीचे चारी बाजूंनी फोटो काढून पाठवावे लागतात, कच्च्या कामाला कागद चालत नाही, स्क्रीनवरचाच व्हाइटबोर्ड वापरायचा. प्रश्न पुटपुटत वाचायची सवय असेल तर आत्तापासून मोड, प्रॉक्टर (कॅमेऱ्यातून बघणारा निरीक्षक) हटकतो. आणि परीक्षा चालू असताना खोलीत कोणी आलं तर परीक्षा तिथेच बंद करू शकतात, तुझी मुलगी लहान आहे असं दिसतंय म्हणून मुद्दाम सांगतो, त्या दिवशी तिला आजोळी पाठव.

सेंटरवर हे काही नाही. तारीख घेताना साईटवर जवळची सेंटरं आणि रिकामे स्लॉट दिसतात. मी पुण्याला बहिणीकडे जाऊन दिली, आदल्या दिवशी पोचलो, रिक्षाने जाऊन सेंटर बघून आलो. एक मात्र, जुलैच्या आधी सगळेच घाई करणार, स्लॉट लवकर भरतील, तेव्हा फॉर्म आत्ताच टाक आणि मंजुरी आल्या आल्या तारीख घे. तारीख घेतल्याशिवाय आपला अभ्यास कधीच पुरा होत नाही.

—

वाळपई_फ्रेशर

मध्येच विचारतेय, सॉरी. मी यंदाच पास आऊट, प्रोजेक्टचा अनुभव शून्य. मला पीएमपी देता येईल का?

—

डिचोली_सिव्हिल

नाही गो, अनुभवाशिवाय पीएमपी नाही. तुझ्यासाठी सीएपीएम आहे, पीएमआयचीच, नवशिक्यांसाठीची. अनुभव लागत नाही, २३ तासांचं ट्रेनिंग लागतं, परीक्षा तीन तासांची, १५० प्रश्न. आणि पुढे पीएमपीच्या वेळी ती चालू असली तर ३५ तासांची अट त्यातच भागते. पण आधी नोकरी धर, सहा महिने साईटवर काढ, मग काय शिकायचं ते तुलाच कळेल.

—

फोंडा_प्रोजेक्ट्स

सगळ्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. काल रात्री ताईंनी सांगितल्याप्रमाणे जुन्या मॉकमधले चुकलेले प्रश्न परत काढून बसलो आणि प्रत्येकापुढे कारण लिहिलं. खरंच निम्म्याहून जास्त साईटच्या सवयीचेच निघाले, विषय माहीत नव्हता असे मोजकेच आणि तेही अ‍ॅजाइलमधले. सर्वात जास्त वेळा मी थेट कृतीच निवडलीय, व्हेंडर बदला, माणूस बदला, जादा शिफ्ट लावा. आता प्रश्नातल्या माणसाला काय माहीत आहे आणि काय नाही एवढं आधी बघतो, तर उत्तरं पटायला लागलीत.

ठरलं असं की जूनमध्येच द्यायची, सेंटरवर. शटडाऊनच्या आधी एप्रिलमध्ये अ‍ॅजाइल आणि पीपल उरकतो, मे महिन्यात बसमध्ये फक्त वीस वीस प्रश्न, आणि शटडाऊन संपलं की पूर्ण लांबीचे मॉक. जुन्या दोन्ही साहेबांशी बोलणं झालं, दोघांनी हो म्हटलं.

आता फॉर्म भरायला बसलो आणि एक वेगळीच अडचण. माझ्या डिग्रीवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं आहे आणि पासपोर्टवर वेगळं, डिग्रीवर मध्ये वडिलांचं नाव आहे ते पासपोर्टला गिव्हन नेममध्येच जोडून आलंय. पीएमआयच्या खात्यात मी डिग्रीप्रमाणे टाकलंय. चालेल का?

—

म्हापसा_नेटवर्क

नाही चालणार, आजच बदल. खात्यातलं नाव आणि परीक्षेच्या दिवशी दाखवायचं ओळखपत्र, दोन्हीवर अक्षरन्अक्षर सारखं पाहिजे, नाहीतर सेंटरवरून परत पाठवतात आणि फी जाते. पासपोर्ट दाखवणार असशील तर पासपोर्टवर आहे तसंच टाक, पहिलं नाव कुठलं आणि आडनाव कुठलं तेही त्याच रकान्याप्रमाणे. आपल्याकडे हे फार होतं, शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर दुसरं. आणि पासपोर्टची मुदत परीक्षेच्या तारखेपर्यंत शिल्लक आहे ना तेही बघून घे.

—

डिचोली_सिव्हिल

डिग्रीवरचं स्पेलिंग वेगळं असलं म्हणून फॉर्म अडत नाही, तो प्रश्न ऑडिट लागलं तरच येतो. पण नावात फरक असल्याचं अ‍ॅफिडेव्हिट आत्ताच करून ठेव, फोंड्याला कोर्टाबाहेर नोटरी बसतात. सर्टिफिकेटवर नाव खात्यातलंच छापून येतं, तेव्हा पासपोर्टप्रमाणे केलंस की पुढेही कुठे अडणार नाही. आणि पास झालास की दर तीन वर्षांनी ६० पीडीयू (पुढे शिकत राहिल्याचे गुण) भरायचे असतात त्यासाठी आमच्यातले काही जण मिळून वेबिनार बघतात, निकाल लागला की इथे सांग, ग्रुपमध्ये घेतो.

—

फोंडा_प्रोजेक्ट्स

नाव बदललं, आता पासपोर्टप्रमाणे आहे. मुदत २०२९ पर्यंत आहे. आज रात्री पहिल्या दोन प्रोजेक्टचं वर्णन लिहून होईल, उद्या इथे टाकतो, कंपनीचं नाव आणि आकडे काढून. डिचोलीच्या दादांनी एक नजर टाकली तर बरं होईल, विशेषतः रिस्कचा भाग.